आधी मला ढकलून बघा

मी दरवाजा बोलतोय. तिकीट फाडून ज्यातून तुम्हाला आत सोडतात, तो नव्हे. त्याला काच आहे, चकचकीत मूठ आहे, त्याला सगळे ओळखतात. मी सिनेमाच्या पडद्याशेजारी, कोपऱ्यात, जाड निळ्या कापडामागे दडवलेला लोखंडी दरवाजा. तुम्ही या थिएटरात ढीगभर सिनेमे पाहिले असतील आणि मला एकदाही पाहिलं नसेल. त्यात तुमचा दोष थोडा आणि माझा अजिबात नाही.

मी रागावलोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच दचकायला नको.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारा वेल्डर तोंडावर काळी काच धरून ठिणग्यांत बसायचा. त्याने मला दोन पल्ले दिले आणि पोटावर एक आडवा दांडा. कडी नाही, कोयंडा नाही. एकदा त्याची बायको डबा घेऊन आली. मला खालीवर न्याहाळत म्हणाली, "याला मूठच नाही. मग ओढायचा कसा?"

"घाबरलेलं माणूस ओढत बसत नाही गं," तो घास चावत म्हणाला. "पुढे रेटतं. म्हणून हा रेटला की बाहेर उघडतो."

तेवढंच माझं शिक्षण. घाबरलेल्या माणसाने रेटलं की उघडायचं. दुसरं काही मला येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही कुणी ठेवली नव्हती.

मला इथे बसवलं तेव्हा माझ्या डोक्यावर लाल दिवा होता. त्यावर 'बाहेर' असं लिहिलेलं. माझ्या पलीकडे मागची गल्ली. खेळ सुटला की अर्धी माणसं समोरून जायची, अर्धी माझ्यातून. डोळे चोळत, नाकं शिंकरत, हसू आवरत. आत रडलेली माणसं उजेडात आली की एकमेकांकडे बघायची नाहीत, हे मी तेव्हा शिकलो. एकमेकांची ओळखपाळख नसलेली माणसं एकाच विनोदाला एकदम हसतात, तेव्हा माझा पत्रा आतून थरथरतो. थिएटरात येण्यासारखं सुख नाही, हे मी कबूल करतो. घरात एकट्याने हसताना असा पत्रा थरथरत नाही.

सुखाबरोबर बाकीचंही सोसलं. पुढच्या खुर्चीवर पाय टाकणारे. "हां, सिनेमातच आहे, बोल ना," म्हणून फोनवर सगळं घरगुती प्रकरण मिटवणारे. खलनायक कोण ते शेजाऱ्याला आधीच सांगून टाकणारे. चघळलेलं च्युइंगगम माझ्या बिजागरीला चिकटवणारे. तो राग मी गिळला. बिजागरीचं काय, पुसता येते.

पण पुढचं गिळता येत नाही.

कुणीतरी तक्रार केली की लाल दिवा डोळ्यांत येतो, सिनेमाची मजा जाते. मॅनेजरसाहेबांनी त्यावर जुन्या सिनेमाचं पोस्टर चिकटवून टाकलं. मग काही टवाळ पोरं आतून मला उघडून गल्लीतल्या मित्रांना फुकटात आत घ्यायला लागली. साहेबांनी माझ्या दांड्यातून साखळी ओवली आणि तिला कुलूप घातलं. मग साखळी दिसायला वाईट दिसते म्हणून वरून निळं कापड सोडलं. एका वाईट कामावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. शेवटी माझ्या जागी नुसती भिंत उरली.

आता आत्या आणि तिच्या भाचीबद्दल सांगतो. दोघी दर रविवारी दुपारच्या खेळाला यायच्या. आत्याचे गुडघे दुखरे, म्हणून तिला कडेची, पाय लांब करता येईल अशी खुर्ची लागायची. ती माझ्या अगदी शेजारची. आत्या सिनेमा बघत नाही, त्यात भाग घेते. "अरे मागे बघ मेल्या, मागे," असं ती नायकाला खरोखर सांगते, आणि त्याने ऐकलं नाही की चिडते.

भाची उलटी. कुठे खुट्ट झालं तरी हातातले पॉपकॉर्न सांडायची. आत्या तिला भागूबाई म्हणायची. भित्री हा शब्द गाळून, तेवढी माया ठेवून. बसायच्या आधी ती कापडाची कड जराशी उचलायची आणि माझ्याकडे बघायची. इतक्या वर्षांत मला शोधणारी ती पहिलीच.

एका रविवारी तिने कापड पुरतं सारलं आणि तिला साखळी दिसली. बॅटरी घेऊन जागा दाखवणाऱ्या डोअरकीपरला तिने विचारलं, "काका, हा दरवाजा उघडतो ना?"

"उघडतो की," काका न बघताच म्हणाले.

"कुलूप आहे याला."

"मग चावीने उघडतो."

ती आत्याकडे वळली. "आत्या, कुलूप लावलंय."

"घराला लावत नाहीस? बस खाली."

"घराला लावतो तेव्हा आत कुणी नसतं आत्या."

आत्याने तिला हाताला धरून बसवलं. मागून कुणीतरी "श्श" केलं. दिवे मालवले.

मध्यंतराच्या जरा आधी बाहेर पॉपकॉर्नच्या मशीनमधलं तेल जळालं. आग अशी नव्हतीच, नुसता धूर. पण तो समोरच्या दारातून आत आला, काळा आणि उग्र, आणि कुणीतरी "आग" म्हणून ओरडलं. माणसं आधी समोर धावली. तिकडूनच धूर येताना पाहून उलटी फिरली. मग कुणाला तरी आठवलं, पडद्याशेजारी एक दार असायचं. कापड फाडलं गेलं. आणि सगळं थिएटर माझ्या अंगावर आलं.

त्यांनी मला रेटलं. अगदी वेल्डर म्हणाला होता तसंच. दांडा दाबला गेला, माझे पल्ले बाहेर निघाले आणि साखळीने मला गचकन धरलं. चार बोटांची फट. त्या फटीतून गल्ली दिसत होती. उन्हात उभी केलेली एक सायकल दिसत होती. एका आईने लेकराचं तोंड त्या फटीला लावून धरलं, तेवढीच हवा. मागून लाथा, बुक्के, शिव्या. शिव्या मला. "उघड ना हरामखोरा." मी काय करणार होतो? मला एकच काम शिकवलेलं, आणि तेच माझ्याकडून काढून घेतलेलं.

भागूबाईने आत्याला कोपऱ्यात भिंतीशी दाबलं आणि स्वतः पाठ करून आडवी उभी राहिली. तरी गर्दीच्या रेट्यात आत्याचा हात माझ्या दांड्यात अडकला. हाड मोडलं तो आवाज माझ्याच पोटावर झाला. माझ्याखेरीज तो कुणाला ऐकू गेला नसेल.

काका चावीसाठी धावले. चावी साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरची चावी साहेबांच्या खिशात. आणि साहेब घरी जेवायला.

कुणीतरी मशीन बंद केलं, धूर विरला, माणसं समोरून खोकत बाहेर पडली. साहेब ढेकर देत आले. "काय झालं एवढं? तेलाचा धूर होता. लोक पण ना, उगाच घाबरतात." सगळ्यांना पुढच्या रविवारच्या खेळाचे पास वाटले. निळं कापड शिवून पुन्हा लावलं. साखळी होती तिथेच. आई लेकराला घेऊन गेली ती परत आली नाही.

पुढच्या रविवारी त्या दोघी मात्र आल्या. मला वाटलं नव्हतं. आत्याचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. "सिनेमा काय मी सोडायची नाही," ती बसता बसता म्हणाली. भागूबाई बसली नाही. तिने कापड सारलं आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. साखळी खणखणली. त्या आवाजाने ती स्वतःच दचकली, पण हात काढले नाहीत.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. ती उभीच.

"ओ ताई, बसा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"आधी हा उघडा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसेल.

"काय म्हणतेय?"

"काही नाही, नाटक आहे. ताई, सिनेमा तिकडे आहे."

हशा पिकला. काका बॅटरी घेऊन आले. "बाई, माझी नोकरी जाईल हो. बसा."

"उघडतो म्हणाला होतात तुम्ही."

काकांनी बॅटरी खाली केली.

तेवढ्यात आत्या एका हाताने खुर्ची धरून, कण्हत, उठली. "माझी भाची भित्री आहे," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "फार भित्री. त्या दिवशी तुम्ही सगळे शूर होतात, म्हणून माझा हात मोडला. मीही उभी आहे आता. बघा सिनेमा."

मागच्या रांगेतला एक जण उठला. त्याचे बूट मला ओळखीचे होते. त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यात जास्त लाथा घातल्या होत्या. मग आणखी काही उठले. पडद्यावर नायक जिवावर उदार होऊन मारामारी करत होता आणि त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

साहेब आले. "फुकटे घुसतात हो यातून. माझं नुकसान कोण भरणार?"

"माणूस ठेवा दारावर," बूटवाला म्हणाला. "नाहीतर आमचं नुकसान तुम्ही भरा."

चावी आली. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. तेल पॉपकॉर्नचंच. साखळी निघाली. भागूबाईने मला पुन्हा ढकललं आणि मी उघडलो. दुपारचं ऊन पडद्यावर सांडलं, नायक पुसट झाला. ती उंबऱ्यावर थोडा वेळ उभी राहिली, मग मला हलकेच लावून आत्याशेजारी जाऊन बसली.

संपलं असं समजू नका. पोस्टर अजून दिव्यावर आहे. आणि साखळी साहेबांनी फेकली नाही. माझ्या शेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे. रोज ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. तुम्ही विसरायची ती वाट बघतेय. तुम्ही विसरता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून सांगतो. पुढच्या वेळी सिनेमाला याल तेव्हा पॉपकॉर्न घ्यायच्या आधी, खुर्चीचा नंबर शोधायच्या आधी, कोपऱ्यातलं कापड सारा आणि मला ढकला. लोक हसतील. हसू द्या. मी उघडलो तर खुशाल बसा, हसा, रडा, नायकाला ओरडून सांगा.

नाही उघडलो, तर बसू नका.