लाल दोऱ्याचा पेला

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि आज मला इतका आनंद झालाय की फडताळावर स्वस्थ बसवत नाही! माझ्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरले आहे : सौ. शालन. साताऱ्याला तिच्या रुखवतात मी दिमाखात मांडलेला होतो. तिथून तिच्याबरोबर कोपरखैरण्याला आलो.

तिचे मालक भैरू वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहत. दुपारी दमून आले की माझ्यातून गटागटा पाणी पीत. एकदा त्यांना टीबी झाला. शेजारणी म्हणाल्या, "त्यांचं भांडं वेगळं काढ." शालनने ऐकले नाही. गोळ्या पुऱ्या करून भैरू खडखडीत बरे झाले, पुढे कितीतरी वर्षे जगले.

यंदा तिच्या मुलाला, रणजीतला, नवे मूत्रपिंड बसवले. शरीराने ते नाकारू नये म्हणून औषधे देऊन त्याची प्रतिकारशक्ती कमी ठेवतात. त्याला कुणाकडून संसर्ग होऊ नये म्हणून घरातल्या सर्वांच्या तपासण्या झाल्या. शालन एकटीच रिपोर्ट आणायला गेली. परत येताच तिने माझ्याभोवती लाल दोरा बांधला आणि मला मोरीच्या खिडकीत एकटे ठेवले. चाळीस वर्षांत माझी जागा कधी बदलली नव्हती!

"आई, हे काय नवीन खूळ?" सून सुनयनाने विचारले.

"ऱ्हाऊ दे गं. खिडकीतलं पाणी गार लागतं."

रणजीत घरी यायच्या आदल्या दिवशी तिने गावी जायला पिशवी भरली. मला लुगड्यात गुंडाळले. सुनयनाने पिशवीच ओढली.

"लेक घरी येतोय आणि तुम्ही पळताय?"

तेव्हा शालन रडू लागली. "डॉक्टरीणबाई म्हनल्या, मला गुप्त टीबी हाय. गुप्त म्हंजे कुनाला सांगायचा न्हाई. रणजीतला लागला तर?"

सुनयनाने तिथल्या तिथे रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर प्राचींना स्पीकरवर फोन लावला. पिशवीत मी जीव मुठीत धरून ऐकत होतो.

"अहो मावशी, गुप्त नाही, सुप्त! सुप्त म्हणजे झोपलेला. भैरूकाकांच्या आजारपणात कदाचित तुमच्या अंगात शिरला आणि झोपून राहिला."

"पन रणजीतच्या अंगात ताकद न्हाई..."

"तरीही नाही. झोपलेला टीबी कुणालाच लागत नाही, रणजीतलाही नाही. तुम्हाला खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ आहे. तो जागा झाला तरच खोकल्यातून, हवेतून पसरतो. पेल्यातून तर कधीच नाही. त्याला जाग येऊ नये म्हणून गोळ्या सांगितल्यात. खोकला रेंगाळला, ताप आला, वजन घटलं, तर लगेच यायचं."

"म्हंजे झोपलेल्याला उठवायचं न्हाई, एवढंच?"

"एवढंच! आणि रणजीतच्या तपासण्या आम्ही करतोच आहोत."

शालन रडता रडता हसली. सुनयना म्हणाली, "एका अक्षरासाठी गावाला निघाला होतात, आई!"

आज सकाळी रणजीत आला. तोंडाला मास्क होता, पण डोळे हसत होते. "आईच्या पेल्यातलं पाणी दे," तो म्हणाला. शालनने मला घासूनपुसून, उकळत्या पाण्याने धुऊन लख्ख केले. तिच्या हातून त्याच्या हातात गेलो तेव्हा मी किती थरथरलो म्हणून सांगू!

मित्रांनो, कुणाचे भांडे वेगळे काढण्याआधी, किंवा स्वतःच वेगळे होण्याआधी, डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारा. ऐकलेला शब्द नीट समजून घ्या. माझा लाल दोरा आता शालनच्या गोळ्यांच्या डबीला बांधला आहे, विसर पडू नये म्हणून. आणि मी? मी पुन्हा फडताळावर, सगळ्यांच्या मधोमध!