टीव्हीवरची प्रश्नपत्रिका

वर्षाराणी निलंग्याहून परत आली ती भर दुपारची. आईच्या, मल्लम्माच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठवडाभर माहेरी राहिली होती. घरात आली, पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं खिडकीजवळच्या टेबलाकडं बघितलं. टेबल होतं, टेबलावर काहीच नव्हतं. धुळीत मॉनिटरच्या पायाचा ठसा तेवढा उरला होता.

"अहो, कॉम्प्युटर कुठाय?"

शिवकुमार जणू ह्याच प्रश्नाची वाट बघत बसला होता. तो उठला आणि टीव्हीखालच्या फळीवरचा एक काळा, गुळगुळीत डबा त्यानं कौतुकानं थोपटला. "हा बघ. गेम खेळायचा कन्सोल. आता घरात एकच मशीन. गेम ह्यावर, पिक्चर ह्यावर, तुझं टायपिंगबी ह्यावर."

"आणि माझा कॉम्प्युटर?"

"नांदेडला गेला. भागवतला दिला, त्याच्याकडनं हा घेतला. सरळ अदलाबदल."

भागवत म्हणजे शिवकुमारचा कॉलेजातला दोस्त. नांदेडला त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं.

वर्षाराणी रिकाम्या टेबलापाशीच उभी राहिली. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस, आणि क्लास म्हटलं की दर रविवारी परीक्षा. त्या परीक्षांचे पेपर ती घरी बसून टाइप करून द्यायची. मराठी माध्यमाचं गणित, विज्ञान, आकृत्यांसकट. ह्या कामात तिची वर्षं गेली होती. कुठला फॉन्ट कुठं बसतो, वर्गमुळाचं चिन्ह कुठून आणायचं, सगळं त्या मशीनमध्ये लावून ठेवलेलं. तिच्या बोटांना ते डोळे मिटूनही सापडायचं.

शिवकुमारचं मोबाइल कव्हर आणि चार्जरचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो व्हिडिओ बघायचा आणि त्यातून त्याची मतं तयार व्हायची. "अगं, फोननं कॅमेरा खाल्ला, टॉर्च खाल्ली, घड्याळ खाल्लं. आता कन्सोल कॉम्प्युटरला खाणार. आतून दोन्ही एकच हायेत. उलट तुझ्या जुन्या डबड्यापेक्षा ह्याचं दिमाग लई तगडं. अजून पाच वर्षांनी कोणाच्या घरी कॉम्प्युटर दिसणार न्हाई बघ."

"आणि माझ्या फायली?"

त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "सगळ्या ह्यात घेतल्यात. एकबी सोडली न्हाई."

खरं तर इथं तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला जास्तच राग आला. फायलींचा विचार करायला ह्याला वेळ मिळाला, आणि निलंग्याला एक फोन करायला मिळाला नाही.

संध्याकाळी तिनं बसून बघायचं ठरवलं. उगं आधीच नाक मुरडलं असं नको. पेनड्राइव्ह डब्याला लावला. डब्यानं त्यातले जावेच्या लग्नाचे फोटो दाखवले. प्रश्नपत्रिका त्याला दिसेचनात. कीबोर्ड लावला, तो मात्र चालला. शिवकुमारनं टीव्हीवर इंटरनेटचं पान उघडून दिलं. "ह्यात लिही. जगात सगळे असंच लिहून राहिलेत."

तिनं 'क'साठी बटण दाबलं. टीव्हीवर इंग्रजी अक्षर उमटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मराठी कीबोर्ड लावायची सोय त्या डब्याच्या सेटिंगमध्ये दोघांनी मिळून धुंडाळली, सापडली नाही. मग शिवकुमारनं उपाय काढला: फोनवर तेच पान उघडून मराठी मजकूर त्यात टाकायचा. तसं केलं. अक्षरं आली, पण अपूर्णांक मोडून पडले आणि वर्तुळाच्या आकृतीच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसू लागला. सोफ्यावरून अक्षर वाचता येईना म्हणून ती टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसली, कीबोर्ड पाटावर घेऊन, मान वर करून.

तेवढ्यात तिची सासू, गौरम्मा, चष्मा पुसत आली. "वर्षा, माझी मालिका लागली की गं."

"आत्याबाई, थोडं थांबता का?"

"कालचंबी बघितलं न्हाई मी. ह्यानं टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळला."

वर्षाराणीनं टीव्ही सोडला. मालिका संपल्यावर परत बसली तर पान पुन्हा पहिल्यापासून उघडलं आणि शेवटचे दोन प्रश्न गायब. ती तशीच भिंतीला टेकून बसली.

सगळ्यात शेवटी प्रिंटर. त्याची वायर डब्याला लावली. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. कागद काही हलला नाही.

"हा प्रिंटर जुना हाय," शिवकुमार म्हणाला. "वायफायवाला घेऊ. फोनवरून प्रिंट निघती."

"म्हणजे लिहायचं फोनवर, प्रिंट काढायची फोनवरून. मग ह्या डब्यानं काय करायचं?"

"तू प्रत्येक गोष्टीत खोट काढती."

शुक्रवारी अमृतराव सरांचा फोन आला. त्यांच्या क्लासचे पेपर ती पहिल्यापासून करायची. "वर्षाताई, रविवारचा पेपर झाला का?"

"देते सर, उद्या सकाळी देते," ती बोलून गेली आणि लगेच चप्पल घालून तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात गेली. तिथं अर्ज लिहिणाऱ्यांची ही गर्दी. नंबर लागला, तिनं पेनड्राइव्ह लावला, तर तिचा फॉन्ट तिथं नव्हता. तिचेच पेपर तिला चिनी लिपीसारखे दिसू लागले. दुकानदार मागून म्हणाला, "ताई, लौकर करा, लोक थांबलेत." ती उठली.

शनिवारी तिनं सरांना खरं सांगितलं. सर जराही चिडले नाहीत. "असू द्या, असू द्या. ह्या वेळचं दुसरीकडं देतो. तुम्ही काळजी करू नका." ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

दुकान बंद करून शिवकुमार घरी आला तेव्हा तिनं कीबोर्ड त्याच्या हातात दिला. "बसा. एक प्रश्न करून दाखवा. 'त्रिकोण अबकमध्ये' इथनं सुरू करा. आकृतीसकट."

"त्यात काय एवढं?" म्हणत तो बसला. आधी कीबोर्ड, मग फोन, मग खेळायचा रिमोट हातात घेऊन एकेक अक्षर टिपत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. भाजी गार झाली, गौरम्मा जेवून उठली, तरी 'त्रिकोण'च चालला होता. त्यातही 'त्रि' दीर्घ पडलेली. आकृतीपर्यंत तो पोचलाच नाही.

"ही सवयीची गोष्ट हाय," तो शेवटी म्हणाला.

वर्षाराणीनं कीबोर्ड उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूला सांगितलं आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तिचा राग काही उतरला नाही. भागवतला काय बोलायचं ते ती मनात परत परत घोळत होती.

पण दार उघडलं ते भागवतच्या मुलीनं. पूनम कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्षाराणीनं नाव सांगितलं मात्र, पोरगी उंबऱ्यातच म्हणाली, "काकू, माझा कन्सोल तुमच्याकडं हाय ना?"

"तुझा?"

"माझाच! मामानं दिलेला. मी कॉलेजहून आले तर जागेवर हे." तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. चादरीत गुंडाळलेला वर्षाराणीचा कॉम्प्युटर तिथं पडला होता. वायरसुद्धा सोडलेली नव्हती. "पप्पा म्हणले, गेम बास, आता ह्याच्यावर अभ्यास कर. अभ्यासाला लॅपटॉप हाय की माझ्याकडं. आमची पोरींची टीम होती, काकू. स्पर्धा तोंडावर आली अन् माझ्या हातात हे."

वर्षाराणी खुर्चीवर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण वाया गेलं. दोन दोस्तांनी फोनवर बोलून दोन घरांतल्या दोन बायांची मशीनं बदलली होती, आणि दोघांनाही वाटत होतं आपण लई भलं केलं.

भागवत जेवायला घरी आला, तिला बघून हसला आणि कारण ऐकून गंभीर झाला. "वहिनी, आमचा शब्द झालेला हाय. शिवकुमारला काय वाटंल?"

"त्यांना काय वाटंल ते मी बघते. भाऊजी, हे मशीन माझ्या कामाचं हाय. ते त्यांचंबी न्हाई अन् तुमचंबी न्हाई."

"पप्पा, अन् तो माझा," पूनम म्हणाली.

"तू गप गं."

"कामून गप?"

भागवतनं ताट पुढं ओढलं. जेवण उरकलं. मग म्हणाला, "डबा इथं आला की मॉनिटर न्या. तोवर खालचं सीपीयूचं खोकं घेऊन जा." शब्द मोडायचा तर निदान अर्धा तरी राखावा, असा काहीतरी त्याचा हिशोब असावा. वर्षाराणीनं वाद घातला नाही. पूनमनं रिक्षा आणली, स्टँडपर्यंत खोकं मांडीवर धरून आली आणि एसटीच्या खिडकीतून दोनदा म्हणाली, "काकू, विसरू नका हं."

घरी पोचल्यावर मॉनिटर नव्हता म्हणून तिनं सीपीयू टीव्हीलाच जोडला. ओळखीचा पडदा उजळला, तिचे फॉन्ट जागेवर होते. तिनं पहिली ओळ टाइप केली आणि मागून शिवकुमारचा आवाज आला. "बघ! टीव्हीवरच करून राहिली ना? मी दुसरं काय म्हणत होतो?"

तिनं कीबोर्ड पाटावर आपटला. कन्सोलच्या वायरी उपसल्या, त्याच्याच खोक्यात तो घातला, वर चिकटपट्टी मारली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नांदेडच्या गाडीत पार्सल टाकून आली. शिवकुमार दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. गौरम्मानं तेवढं विचारलं, "आता मालिका बघू का मी?"

मॉनिटर पुढच्या आठवड्यात आला, कोपऱ्यात टवका उडालेला. पूनमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. तिला सराव मिळाला नव्हता. अमृतराव सरांनी गणित परत दिलं. विज्ञान मात्र त्या रविवारी ज्याला दिलं होतं त्या नव्या माणसाकडंच राहिलं. "त्याला आता न्हाई कसं म्हणायचं?" असं सर म्हणाले.

खिडकीजवळ बसून ती गणिताचा पेपर करत होती तेव्हा शिवकुमार चहाचा कप घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

"मला एकदा विचारायचं तरी होतं," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असती."

"हाव. म्हणलेच असते."

तो आणखी थोडा वेळ घुटमळला आणि दुकानाला गेला. तिनं वर्गमुळाचं चिन्ह घातलं आणि पुढच्या प्रश्नाला लागली.