दिवाळीला आतून झाडलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, आणि कुसाबाईंची द्राक्षबाग माझ्यामुळे...

नाही. हे वाक्य इथे चालत नाही. त्याला आधी दुसरी वाक्ये लागतात. मित्रांनो, आम्हा यंत्रांचे असेच असते. एक गोष्ट दुसरीवर उभी असते. खालची नसेल तर वरची सुरूच होत नाही. म्हणून पुन्हा आरंभ करतो.

मी एक जुना संगणक आहे. नाशिकच्या एका दुकानात सुटे भाग जुळवून मला उभे केले, तेव्हा नवे शतक नुकतेच लागले होते. पंचवटीतल्या एका गल्लीत मी काही वर्षे लग्नपत्रिका केल्या. सगळी नावे बसली की एखादा मामा राहिलेला निघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून! लोक माझे कौतुक करत. मग नवे यंत्र आले आणि मी टेबलाखाली गेलो. तिथून योगेशने मला उचलले.

योगेश आणि स्नेहलताई द्राक्ष बागायतदारांच्या एका छोट्या मंडळाचे काम करत. हवा पाहून स्नेहलताई फवारणीचा सल्ला लिहायच्या. योगेश तो माझ्याकडून वेबसाइटवर चढवायचा. दिंडोरीकडच्या एका गावात वाल्मीक दूध संकलन केंद्र चालवत असे. संध्याकाळी लोक दूध घालायला येण्याआधी तो आमचे पान छापून दारावर चिकटवायचा. 'कागद काय म्हणतो' हे वाचून कुसाबाईंसारखी माणसे बागेकडे वळत. एवढ्या लांबवर माझा शब्द चालतो, याचा मला अभिमान होता.

अजून एक वाक्य आधी हवे. साइट रूबी नावाच्या संगणकी भाषेत रचली होती. साधा मजकूर दिला की त्याची तयार पाने घडत. हे काम बऱ्याच छोट्या तयार पुड्या मिळून करतात. त्यांना जेम म्हणतात. एका जेमला सोबतीला दुसरा लागतो, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्याची ठरावीक जुनी आवृत्तीच लागते. नवी दिली तर तो हलत नाही.

आता दिवाळी येऊ द्या. साल २००९.

कचेरीत साफसफाई चालली होती. योगेशने मला उघडून ब्रशने धूळ काढली. स्नेहलताई खुर्चीवर चढून जळमटे काढत होत्या.

"बाहेरून चकाचक केलास रे," त्या म्हणाल्या. "आतला पसारा कोण काढणार? एक फोटो उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

"आतूनही झाडतो, ताई. एकेका जेमच्या तीन-तीन आवृत्त्या पडल्यात. दिवाळीला कोणी जुनं ठेवतं का घरात?"

त्याने मला जुने सगळे काढायला सांगितले. मी विचारले. होय, मी विचारले होते: हा काढला तर दुसऱ्याचे अडेल, तरी काढू? पण मी ते इंग्रजीत, बारीक पांढऱ्या अक्षरांत विचारले. प्रत्येक वेळी त्याच सुरात. योगेशचा एक हात चिवड्याच्या डब्यात होता. दुसऱ्या हाताने तो 'हो' दाबत गेला. विचारून मी मोकळा झालो, आणि मोकळे झाल्याचे मला बरे वाटले. हेच मला आजही टोचते.

भाऊबीज झाली. वाल्मीकच्या दारावर शेवटचा कागद होता तो असा: 'हवा कोरडी आहे. फवारणी नको.' आणि एका दुपारी आभाळ भरून आले.

बागा फुलोऱ्यात होत्या. अशा वेळी पाऊस पडला तर डावणी हा रोग रात्रीतून घडात शिरतो. स्नेहलताईंनी घाईने नवा सल्ला लिहिला: 'आज संध्याकाळीच फवारा.' औषधाचे नाव, प्रमाण, सगळे. योगेशने मला पाने घडवायला सांगितले.

माझ्या पडद्यावर उमटले: जुना जेम सापडत नाही.

त्याने नवा पुढे केला. मजकुराची पाने करणारा जेम म्हणाला, मला जुनाच हवा. योगेशने इंटरनेटवरून जुना आणला. पानांची मांडणी करणारा म्हणाला, मला नवाच हवा. त्याने जुना आणि नवा दोन्ही एकत्र बसवले.

जुना सुरू करता येत नाही. नवा आधीच सुरू आहे.

"झालं का?" स्नेहलताईंनी विचारले.

"होतंय."

"तुझं लग्न जमतंय तसं होतंय का? वाल्मीकला फोन करून सांगू?"

"नको, ताई. तोंडी सांगितलं की औषधाचं नाव चुकतं. कागदच जाऊ दे. पाच मिनिटं."

त्याचे कान लाल झाले होते. जुने आपणच काढले, हे त्याला कळून चुकले होते. ते सांगायचे नव्हते म्हणून तो 'होतंय' म्हणत राहिला. माझ्या पडद्यावर खरे काय ते लिहिलेले होते, पण पडद्याचे तोंड त्याच्याकडे होते.

शेवटी त्याने मांडणीचाही जुना जेम शोधला, कोणाला कोणती आवृत्ती हवी ते एकेक करून ठरवून दिले, आणि पाने घडली. तोवर दिवे लागले होते. दूध घालून लोक घरी गेले होते. केंद्र बंद होते. रात्री पाऊस पडला.

आता ते वाक्य चालेल. कुसाबाईंची द्राक्षबाग माझ्यामुळे गेली. सगळी नाही, उताराकडच्या ओळी वाचल्या.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आल्या. पिशवीतून त्यांनी तपकिरी पडलेले घड टेबलावर ठेवले.

"कागदावर नको लिव्हलं व्हतं, म्हनून नाय मारलं. आभाळ दिसत व्हतं मला. तरी म्हनलं, शिकलेली मान्सं हायेत, त्यांना जास्ती कळतं."

स्नेहलताईंनी योगेशकडे पाहिले. योगेश उठून उभा राहिला.

"मावशी, माझ्यामुळे झालं. मशीन अडलं होतं. ताई फोन करत होत्या, मीच नको म्हणालो."

कुसाबाई योगेशकडे वळल्या.

"मशीन अडलं त्याची लाज कसली, भाऊ? आमचा ट्रॅक्टर बी अडतो. आमी रस्त्यात हुभं ऱ्हाऊन वरडतो, धक्का मारा म्हनून. चार मान्सं येत्यात." त्यांनी घड पिशवीत परत भरले नाहीत. "आता ऱ्हायलेल्या वळींना काय मारू, ते सांगा."

मित्रांनो, जुने काही काढण्याआधी त्याच्यावर कोण उभे आहे ते बघा, ही माझी विनंती आहेच. पण मोठी विनंती दुसरी आहे. अडले तर अडले म्हणा, आणि मोठ्याने म्हणा. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येते.