साडेचार हजार बाकं

शहराच्या खरेदी विभागात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. खडूपासून कचरागाडीपर्यंत शहर वर्षभरात जे जे घेतं, ते तयार होताना हवेत किती कार्बन गेला हे मोजायचं तिचं काम. नोकरीला सात महिने झाले होते आणि तिचा पहिलाच अहवाल इतका गाजला की तिचीच झोप उडाली.

अहवालात सगळ्यात वर होती शाळेची बाकं. वर्षाला साडेचार हजार नवी बाकं, तीही शहराच्या स्वतःच्या सुतारशाळेतून. एवढं लाकूड आणि लोखंड पाहून समितीचे डोळे पांढरे झाले. सुतारशाळा बंद करायची, अकरा सुतारांना घरी बसवायचं, असं ठरलं. शुक्रवारी सही.

आकडा तिने तीनदा तपासला होता. तरी एक गोष्ट खटकत होती. शाळांमध्ये मुलं अठरा हजार, एका बाकावर दोघं, म्हणजे बाकं नऊ हजार. मग दरवर्षी त्यातली निम्मी जातात कुठे? पोरं खातात की काय?

गुरुवारी सकाळी ती कुणी न बोलावता सुतारशाळेत गेली. साठीला टेकलेल्या मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला.

"या, मोजपट्टीबाई. आता काय मोजायचं राहिलंय, आमची डोकी?"

"काका, नवी बाकं कुठे ठेवता?"

मिस्त्रींनी शेजारच्या सुताराकडे पाहिलं. "ऐकलंस का रे? नवी म्हणे. शेवटचं नवं बाक केलं तेव्हा माझे सगळे दात माझेच होते."

"मग भांडारात महिन्याला पावणेचारशे जमा होतात, ती?"

मिस्त्रींनी समोरचं बाक उलटं केलं. खाली ठोकलेला क्रमांक होता आणि त्याखाली पटाशीने ओढलेल्या नऊ रेघा.

"हे नऊ वेळा आलंय आमच्याकडे. कधी पाय बदलला, कधी फळी. इकडे आलं की भांडारवाला लिहितो 'मोडीत'. परत गेलं की 'जमा, एक नग'. दुरुस्तीचा रकाना त्याच्या वहीत नाहीच. माझ्या आधीच्या मिस्त्रींपासून हीच पद्धत."

ती गुडघ्यावर बसून रेघा पाहत राहिली. "म्हणजे हे एकच बाक वहीत नऊ वेळा नवं झालं, आणि मी वहीच खरी धरली."

"आणि दरवेळी त्याच्या नावाने कागदावर आख्खं झाड पडलं."

"मग समितीला सांगितलं का नाहीत?"

"त्यांचं पत्र आलं, म्हणणं आकड्यांसह कळवा. आकडे तुमच्याकडे. आमच्याकडे भुसा."

दुपारपर्यंत तिने चाळीस बाकं उलटी करून पाहिली, बदललेल्या फळ्या आणि पाय वजनकाट्यावर ठेवले, वर्षभरात आलेल्या लाकडाच्या पावत्या जुळवल्या. बाकांचा आकडा आठव्या हिश्शावर आला. यादीत बाकं पहिल्यावरून एकतिसाव्या जागी गेली. हायसं वाटलं. पण आता हे विभागप्रमुख मॅडमना सांगायचं होतं.

मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचला. "म्हणजे तू चुकलीस."

"हो. वहीत होतं ते खरं धरलं. एकदा बाकाखाली वाकून पाहायला हवं होतं."

"आणि उद्या सही झाली असती, तर हे कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं."

मॅडमनी चष्मा काढला, फोन उचलला. "उद्याचा सुतारशाळेचा विषय मागे घ्या. नाही, पुढे ढकलू नका. मागे घ्या. आकडा आमचा चुकला." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "दुरुस्तीचा रकाना नसलेल्या आणखी किती वह्या आहेत ते सोमवारपासून शोध. आणि आधी त्या माणसांना कळव, इथे काय उभी आहेस?"

जिन्यातच तिने फोन लावला. पलीकडे रंध्यांचा आवाज होता. तिने सांगितलं, मिस्त्रींनी ते तिकडे मोठ्याने सांगितलं, आणि एकेक करत रंधे थांबले. मग कुणीतरी नाक शिंकरलं.

"बरं झालं, पोरी," मिस्त्री म्हणाले. "आता ठेव फोन. फळीला लावलेला सरस वाळतोय."