पुढे असताना कुठे बघायचं

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. घरातल्या भिंतीवरचा नव्हे, स्कूटरच्या हँडलला उजवीकडे असतो तो. माझी कहाणी जन्मापासून सांगायला हवी, पण मला सगळ्यात आधी एक पत्र आठवते. ते मोरेश्वरकाकांना आले होते आणि त्यांनी त्याला उत्तर दिले नाही. विसरले म्हणून नव्हे, वेळ नव्हता म्हणूनही नव्हे. मुद्दाम दिले नाही. आणि खरे सांगतो, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

तुम्ही म्हणाल, हा कसला आरसा? तुम्हाला छत्री, फळा, खुर्ची यांच्या कहाण्या ठाऊक असतील. त्या वस्तू सोशिक असतात. मी तसा नाही. माझी घडणच अशी आहे की मला पुढचे काही दिसत नाही. जे मागे पडले तेवढेच दिसते. ज्याला जन्मभर मागचेच दिसत राहिले, त्याच्या मनातून काही जाणार कसे?

माझा जन्म जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काच कापली, पाठीला चकाकी चढवली, काळ्या कड्यात बसवले. मग एका सुट्या भागांच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. तिथून मला मोरेश्वरकाकांनी विकत घेतले.

काका रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले, शास्त्री नगरात बिऱ्हाड केले आणि तिथेच राहिले. माणूस पुस्तकातला. चार लोकांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसायला घ्यायचे. त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याची पुस्तके वाचायचा नाद होता. स्वतः कधी बस पकडायलाही धावले नव्हते. शेजारी गुलाबराव राहायचे, वाशिमकडचे, रुळांच्या देखभालीवर कामाला. त्यांची मुलगी कस्तुरी शाळेत सगळ्या शर्यती जिंकायची. एकदा ती काकांच्या दारात येऊन उभी राहिली.

“काका, तुम्ही पळण्याची पुस्तकं वाचता ना? मतलब, नुसतं वाचून काय होणार? कुणावर तरी करून बघा. माझ्यावर करा.”

काकांनी चष्मा पुसला आणि हो म्हटले.

अशी सुरुवात झाली. काका पुढे स्कूटरवर, कस्तुरी मागे धावत. पण मुलगी कशी धावते हे बघायचे तर मान वळवायला हवी. भर रस्त्यात पन्नाशीचा माणूस मागून पळणाऱ्या मुलीकडे वळून वळून बघतो, हे लोकांना कसे दिसेल, या विचारानेच काकांना घाम फुटे. म्हणून त्यांनी मला आणले. मी लाजेपोटी खरेदी झालेला आरसा आहे, मित्रांनो.

पण काम मी चोख केले. रविवारी कारखाने बंद असत, तेव्हा काका तिला मागे बसवून सीतापुऱ्याला नेत. तिथले रुंद रस्ते ओस पडलेले असत. ती उतरून बुटाची नाडी बांधे, काका गाडी हळू पुढे काढत. मग माझ्यात तिचा चेहरा येई. दमायला लागली की आधी तिचा वरचा ओठ आत जाई, मग उजवा खांदा वर चढे. मग नजर काकांच्या सदऱ्यावर चिकटून राही. काका ते माझ्यात बघत आणि वेग किंचित कमी करत. तिला वाटे, काकांच्या पाठीला डोळे आहेत. ते डोळे म्हणजे मी.

काकांचा नियम एकच होता. स्कूटरच्या पुढे जायचे नाही. दम शेवटाला राखायचा. हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचले होते. कस्तुरीने तो नियम कधी मोडला नाही.

ती राज्यात पहिली आली, मग देशात नाव झाले, मग राष्ट्रीय शिबिराला निवड झाली. आणि रणजीत सर आले.

त्यांचे नाव घेताना माझी काच आजही तापते. रणजीत सर शिबिराचे मुख्य प्रशिक्षक. मनगटावर दोन घड्याळे, बगलेत लॅपटॉप. सी-स्कीम या उंची वस्तीतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर कस्तुरीचा सत्कार ठेवला होता. आमची स्कूटर दिसू नये म्हणून पहारेकऱ्याने ती मोटारींच्या मागे, कुंपणाला टेकवून उभी करायला लावली. पण कर्ण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. रणजीत सर म्हणाले, “स्कूटरवाले काका इथे कुठेतरी बसलेत. काका, आता तुम्ही आराम करा. आता आमची मुलगी स्कूटरमागे नाही, सायन्समागे पळणार.” लोक खूप हसले. मग कुणीतरी कस्तुरीला विचारले की तुझे गुरू कोण. ती थोडी थांबली आणि म्हणाली, रणजीत सर.

काका जेवणाला थांबले नाहीत. स्कूटरवर बसल्यावर त्यांनी मला आत वळवले. इतके आत की रस्ता दिसेना, त्यांचा स्वतःचाच चेहरा दिसू लागला. तसेच ते घरी आले.

त्या दिवसापासून त्यांनी कस्तुरीचा फोन उचलला नाही. वाजू देत आणि बघत बसत. माझ्यावर मेणकापड पडले. खालच्या अंधारात मी एकच गोष्ट घोकत होतो, हिला कळायला हवे.

मग ते पत्र आले. काकांनी मेणकापड बाजूला सारले, अंगणातल्या स्कूटरवर बसले आणि पुटपुटत वाचले. कस्तुरी जयपूरला वाढलेली, तिचे मराठी अडखळत चालते. पण पत्र तिने मराठीतच लिहिले होते. “काका, तुम्ही चिडलात ते माहीत आहे. स्टेजवर मी काय बोलायचं ते आधीच सांगितलेलं होतं, लेकिन बोलले मीच. आता परदेशात दहा हजार मीटरसाठी मला टीममध्ये घेतलंय, पण जिंकायला नाही. मी सुरुवातीला पुढे पळायचं, स्पीड ठेवायचा, मग बाजूला होऊन आमच्याच टीममधल्या अक्षदाला जाऊ द्यायचं. मी कधी सुरुवातीपासून पुढे पळालेच नाही. पुढे तुम्ही असायचे. पुढे असताना तुम्ही कुठे बघायचे? एवढंच सांगा.”

अशा मोठ्या स्पर्धांत वेग ठेवणारी धावपटू भाड्याने आणता येत नाही, मित्रांनो. पण आपल्याच संघातली मुलगी पुढे पळून दमली, तर तिला कोण अडवणार? कस्तुरीची त्यांनी स्कूटर केली होती.

काकांनी पत्राची घडी केली आणि हँडलखालच्या डिकीत टाकली. “आता विचारतेय,” ते म्हणाले. चेहरा माझ्यातच होता. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

शर्यतीच्या दिवशीही ते अंगणात स्कूटरवर बसले आणि मोबाइल हातात धरला. माझ्यात सगळे उलटे दिसत होते, मुली भलत्याच दिशेने गोल फिरत होत्या. कस्तुरी सगळ्यांच्या पुढे होती. आणि ती सारखी मागे वळून बघत होती. दर वेळी मान वळे, खांदा चढे, पाऊल अडखळे. निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा तिचा वरचा ओठ आत गेला. ते आम्हा दोघांनाच समजले. मग ती बाजूला झाली आणि एकेक करून सगळ्या तिच्या पुढे गेल्या. अक्षदा तिसरी आली. रणजीत सर झेंडा घेऊन धावले आणि माइकसमोर म्हणाले, सगळे ठरवल्याप्रमाणे झाले. कस्तुरी शेवटची आली. तिच्याकडे कॅमेरा वळला नाही.

“आता आठवेल स्कूटर,” काका म्हणाले.

मंदाकिनीकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. “ती मागे वळून कुणाला शोधत होती, ते कळलं ना तुम्हाला?”

काकांनी मोबाइल बंद केला.

“सूडच घ्यायचा होता ना? मग माणूस तरी नीट निवडायचा. ज्यानं भर लोकांत तुमचं हसं केलं, तो झेंडा नाचवतोय. आणि तुमचा हिशेब चुकता केला कुणी? गुलाबभाऊजींच्या पोरीनं.”

त्या आत गेल्या. माझ्यातला काकांचा चेहरा मावळला, आणि खोटे कशाला बोलू, माझाही आनंद मावळला. पण राग नाही मावळला. तो फक्त जागा बदलत होता. आपण ज्याला घोकत होतो तो चेहराच चुकीचा होता, हे कळल्यावर राग दुप्पट होतो.

तरी काकांनी लिहिले नाही. आता त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपुढे ते कायमच हरत आले होते. असे वर्ष गेले.

मग एका संध्याकाळी गुलाबराव पेढे घेऊन आले. कस्तुरीची जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली होती. काकांनी विचारले, काम तेच का? गुलाबराव पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“तेच जी. पण टीव्हीवर सगळ्यायच्या समोर आमचीच पोरगी दिसते ना भाऊ. थोडा वेळ का होईना. मले तेवढंच पुरे.”

ते गेल्यावर काकांनी डिकीतून पत्र काढले. मग आठवडाभर कागद फाडणे चालले. एका कागदावर पुस्तकातले उतारे, दुसऱ्यावर नुसतीच माफी. शेवटी ते काकूंना म्हणाले, “आता कुठल्या तोंडानं लिहू?”

“ज्या तोंडानं लिहिलं नाहीत, त्याच. दुसरं आहे कुठे तुम्हाला?”

काका हसले. मग हळूच म्हणाले, “तिनं विचारलंय, पुढे असताना कुठे बघायचं. मला ते माहीतच नाही गं. मी समोर कधी बघितलंच नाही. आरशातच बघत होतो.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती हीच. आणि तिच्यापाठोपाठ शिक्षाही आली. रविवारी काकांनी पाना आणला, मला हँडलवरून सोडवले, फडक्यात गुंडाळले आणि कस्तुरीच्या पत्राशेजारी डिकीत ठेवून झाकण लावले. मला कळले, आम्ही सीतापुऱ्याला चाललो होतो. रस्त्याचे खड्डे मला पाठ आहेत.

तिथे त्यांनी काय पाहिले ते मी सांगू शकत नाही. मी फक्त ऐकले. आधी गाडी चाचरत होती, थांबत होती. मान वळत असणार, मागे कुणीही नसताना. मग चाचरणे बंद झाले. मग इंजिनाचा आवाज असा चढत गेला, जसा कस्तुरी मागे असताना कधीच चढला नव्हता. डिकीत मी थरथरत होतो. मला काढून टाकले होते आणि गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळत होती. याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी रणजीत सरांचा चेहरा आठवत होतो.

घरी आल्यावर काकांनी पत्र काढायला डिकी उघडली, तेव्हा माझ्यावरचे फडके सरकले; मग त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून एका दमात लिहिले आणि काकूंना वाचून दाखवले.

“कस्तुरी, तुझ्या पत्राला मी रागानं उत्तर दिलं नाही. राग दुसऱ्यावर होता, वसूल तुझ्याकडून केला. ते माझं चुकलं. तू विचारलंस, पुढे असताना कुठे बघायचं. मी आरशात बघायचो, तुझ्याकडे. आज आरसा काढून गाडी चालवली. आधी मान आपोआप वळायला बघते. वळू द्यायची नाही. थोड्या वेळानं रस्ता आपला वाटायला लागतो. मग कुणाला द्यावासा वाटत नाही. स्कूटरच्या पुढे जायचं नाही, हा माझा नियम चुकीचा होता. तो मोड. त्यांनी तुला पुढे उभं केलंय, तर पुढे राहा. सांगितलंय त्या वेगानं पळ. फक्त बाजूला होऊ नकोस. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांना बाहेरून लांबच्या वाटेनं जाऊ दे. अक्षदावर राग धरू नकोस, ती तुझ्यासारखीच आहे. राग रणजीतवर धर. पण तो पायांत ठेव, मानेत नको.”

काकू म्हणाल्या, “‘रणजीतवर’ लिहिलंत? सर नाही?”

“नाही,” काका म्हणाले. चष्मा पुसला नाही.

मित्रांनो, अशा वेळी वस्तू तुम्हाला सांगतात की आमची निगा राखा. मीही सांगतो. आरसा रोज पुसा. मागून कोण येते ते ठाऊक असलेले बरे. पण तुमच्यातला कुणी कधी सगळ्यांच्या पुढे निघाला, तर त्याच्या हँडलवरून मला खुशाल काढून घ्या. मी डिकीत थांबेन. माझी आठवण चांगली आहे, मी काही विसरणार नाही.

सोमवारी टपाल कचेरी उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. काकू मागे बसून आल्या होत्या, मधेच ते परत फिरतील म्हणून. डिकीचे झाकण किंचित उघडे होते. फटीतून मला काका पायऱ्या चढताना दिसले, हातात लिफाफा होता. बराच वेळ गेला. ते बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते.

“टाकलं?” काकूंनी विचारले.

“स्पीड पोस्ट. परवा शिबिरात तिच्या हातात पडेल.” काकांनी किक मारली. “आणि त्याच्या पुढच्या रविवारी शर्यत आहे. रणजीत झेंडा घेऊन तयारच असेल. असू दे.”