कर्ण्यावरचं साल

"एक, आठ, सहा, दोन. आंधळ्यालाही बोटाने वाचता येईल, विल्फ. आता सही करा बघू." ग्लेनिसने ते तुतारीसारखं छोटं पितळी कॉर्नेट आणि प्रमाणपत्र दोन्ही त्याच्यापुढे सरकवली.

"वाचता येतंय गं पोरी. पण ते पदकाचं साल आहे, वाद्याचं नव्हे."

विल्फ ऑल्डरॉयडला एकोणऐंशी पूर्ण झाली होती. थॉर्नक्लफच्या बँडमध्ये त्याने बावन्न वर्षं बास हे खर्जातलं मोठं वाद्य फुंकलं होतं आणि अर्ध्या यॉर्कशरची पितळी वाद्यं दुरुस्त केली होती. कर्ण्यावरचं, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावरचं, कोरीवकाम बघून वाद्य कधी घडलं ते सांगावं तर विल्फनेच. त्यासाठी लांबलांबून लोक यायचे, त्याचा शब्द प्रमाण मानून परत जायचे. गावात मात्र पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

ग्लेनिस हर्स्ट ही बँडची चिटणीस. शनिवारी बँडला दीडशे वर्षं होत होती. संस्थापक जोसाया लम याचं कॉर्नेट काचपेटीत ठेवायचं आणि शेजारी विल्फच्या सहीचा कागद लावायचा, हे तिने त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. वर्तमानपत्रवाल्यांनाही सांगून झालं होतं.

"नीट ऐक," विल्फ म्हणाला. "ऑकेंडेन कंपनीला बासष्ट साली पदक मिळालं. पुढची चाळीस वर्षं त्यांनी ते प्रत्येक कर्ण्यावर कोरलं. मिळालेलं पदक कोण मिरवत नाही? खरं साल कळतं ते खालच्या पत्त्यावरून. ह्याच्यावर टॅनर रस्ता असा पत्ता होता. तिथे कंपनी गेली त्र्याण्णवमध्ये. तोवर तुझ्या जोसायाला पुरून बारा वर्षं झाली होती."

"असं? मग दाखवा की पत्ता."

विल्फने कर्ण्यावरून अंगठा फिरवला.

पत्ता होता. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत होता. त्या वर्षी मोठी स्पर्धा होती आणि वाद्यं लखलखायला हवीत म्हणून बँडमास्तर मागे लागला होता. कोरलेला कर्णा पॉलिशच्या चाकाला लावायचा नाही, हाताने पुसायचा, हे ह्या धंद्यात शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पण संध्याकाळपर्यंत पाच वाद्यं द्यायची होती. विल्फने चाक सुरू केलं. पदकाचं साल खोल कोरलेलं होतं, ते टिकलं. पत्ता वरवरचा होता, तो काळ्या मळीबरोबर फडक्यावर उतरला. त्याआधी शंभरदा वाचलेली ती ओळ त्याने कधी कुठे टिपून ठेवली नव्हती. कर्ण्यावर आहे, जातेय कुठे, असं वाटायचं.

त्याने कॉर्नेट खिडकीपाशी नेलं आणि कर्ण्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली की झिजलेली अक्षरं कधीकधी क्षणभर उमटतात. बास फुंकणारी ती छाती आता जिना चढतानाही धापा टाकायची. तिसऱ्या फुंकीला त्याला टॅनरमधला 'ट' दिसला, नक्की दिसला.

"ये, बघ, बघ लवकर!"

ग्लेनिस वाकली. "मला माझंच नाक दिसतंय."

"थांब, परत करतो."

"पुरे, विल्फ. खोकला लागेल." तिचा आवाज जरा मऊ झाला. "आपण चौदाच वाजवणारे उरलोय. लोकांनी यावं असं काहीतरी नको का? बासष्ट म्हटलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय!" तो ओरडला. त्याला तिचा राग आला होता, बँडमास्तरचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या दोन हातांचा. "उभ्या जन्मात खोट्या सालाखाली सही केली नाही मी."

"मग खऱ्याखाली करा. पुरावा आणा, मी छापते."

त्याने प्रमाणपत्र बाजूला सारलं आणि टेबलावरचं एक कोरं कार्ड ओढलं. अक्षर वळणदार आलं. 'साल सांगता येत नाही. पत्त्याची ओळ १९७८ साली मशीनवर घासून घालवली. घालवणारा, विल्फ्रेड ऑल्डरॉयड.' खाली त्याने सही केली.

ग्लेनिसने ते दोनदा वाचलं. "हे लोकांनी वाचावं असं वाटतं तुम्हाला? चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"तेवढं एकच मला खात्रीने माहीत आहे. हेच लाव."

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. विल्फ काचपेटीपाशी पोचला तेव्हा वर्तमानपत्रवाला फोटो काढत होता. निळ्या मखमलीवर कॉर्नेट चमकत होतं. पुढे छापील पाटी होती: जोसाया लम, १८६२. पाटीवर सही कुणाचीच नव्हती.

त्याने आपलं कार्ड शोधलं. ते कर्ण्याखाली होतं, चार घड्या घालून सारलेलं.

"कॉर्नेट फार डुगडुगत होतं हो," मागून ग्लेनिस म्हणाली. "आता बघा, कसं स्थिर बसलंय."

विल्फने वाकून पाहिलं. खरंच स्थिर बसलं होतं.