बाहेरची तार माझ्याकडे

जुना म्हणून मला हसू नका, मित्रांनो. मी राउटर आहे. कारखान्यात माझ्यासारखे हजारो घडले, पण या घराला मी एकच. इंटरनेट कंपनीच्या माणसाने मला पुढच्या खोलीत बसवले, तेव्हा सगळे घर माझे दिवे बघायला जमले होते. बाहेरून येणारी काचेची बारीक तार माझ्या पाठीत शिरते. परगावच्या भाचीचा आवाज, परीक्षांचे निकाल, सारे आधी माझ्या दारात येई. पुढे कौतुक सरले आणि माझ्या डोक्यावर टोप्या नि ओले मोजे आले. मी काम सोडले नाही.

मग आजोबा पडले. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले आणि त्यांची खाट मागच्या खोलीत गेली, कारण तिथून न्हाणीघर जवळ. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी फोनवर दिसत. "आत्ता चुकारपणा केलात तर पाय कायमचा आखडेल," असे त्यांनी बजावले होते. पण मधल्या जाड भिंतींतून माझे वायफाय जेमतेम पोचे. बाई म्हणत, "पाय उचला," आणि चित्र थिजे. आजोबा पाय हवेत धरून बसत.

"बाबा, खाली ठेवा की," सून म्हणे.

"बाईंनी अजून सांगितलं नाही."

शेवटी त्यांच्या मुलाने तीन पांढऱ्या डब्या आणल्या. "याला मेश म्हणतात. एकीकडून दुसरीकडे देत देत घरभर वायफाय नेतात," तो म्हणाला. एक पुढच्या खोलीत, एक घरातल्या मधल्या बोळात, एक आजोबांच्या उशाशी. मग त्याने माझ्या तारा उपटल्या आणि मला चपलांच्या कपाटात ठेवले. तिथे अंधार होता, पण मी घाबरलो नाही. बोलावणे येणार हे मला ठाऊक होते.

तिन्ही डब्यांचे दिवे लालच राहिले. व्यायामाची वेळ टळून गेली.

"अरे, माझा पाय तुझी वाट बघतोय," आतून आजोबा म्हणाले.

"अहो, कंपनीची तार या डब्यांत बसतच नाही," सून म्हणाली. "नवे नळ आणले म्हणून पाण्याची टाकी काढतात का?"

"खोक्यावर तसं लिहायला हवं होतं."

"लिहिलंय. तुम्ही खोकं वाचलं नाहीत, फाडलंत."

तिने मला पुसून जागेवर ठेवले आणि एका तारेने पहिल्या डबीला जोडले. तरी आजोबांचा फोन जुन्या सवयीने माझ्याच अशक्त वायफायला चिकटून राहिला. तेव्हा तिने माझे वायफाय बंद केले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

"आता तू फक्त आत आणायचं. वाटायचं काम त्यांचं," ती मला म्हणाली.

"राउटरशी बोलतेस?" मुलाने विचारले.

"तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो."

त्यानंतर मागच्या खोलीतले चित्र थिजले नाही. पाय वाकू लागला, मग भार घेऊ लागला. एका सकाळी बाई म्हणाल्या, "आज खोलीबाहेर पडू या." आजोबांनी वॉकर धरला. सून फोन घेऊन त्यांच्यापुढे उलटी चालू लागली. उशाच्या डबीने फोन बोळातल्या डबीकडे सोपवला, तिने पुढच्या डबीकडे. बाईंचा शब्द कुठे तुटला नाही. "टाच आधी, आजोबा. हं, टाच."

ते पुढच्या खोलीत माझ्यासमोर येऊन थांबले.

"शाबास. आता बसा," बाई म्हणाल्या.

"बसतो हो. जरा उभं तर राहू द्या."

मित्रांनो, नवे जरूर आणा, मला त्यांचा हेवा नाही. पण तुमच्या घरातल्या माझ्या भावाला मोकळी हवा द्या, आणि त्याची तार उपटण्याआधी ती कुठून येते ते बघा. त्याच्या भरवशावर घरात कोण चालायला शिकते आहे, ते त्याच्या दिव्यांवरून कळत नाही.